आयईएलटीएससाठी इंग्रजी व्याकरण: मराठी माध्यमातून शिकलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयईएलटीएस या परदेशी शिक्षण-नोकरीसाठीच्या इंग्रजी परीक्षेत व्याकरणाचा वेगळा पेपर असतो का?

नसतो. बऱ्याच जणांची तयारी इथेच भरकटते. शाळेत 'सूचनेप्रमाणे वाक्य बदला' हा हमखास गुणांचा प्रश्न असायचा, त्यामुळे व्याकरण म्हणजे वाक्यं बदलण्याचा सराव असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे कोणी वाक्य बदलायला देत नाही. तुम्ही आपणहून जे लिहिता आणि बोलता, त्यातलं व्याकरण पाहतात.

परीक्षेचे चार भाग आहेत. लिसनिंगला साधारण 30 मिनिटं आणि 40 प्रश्न, रीडिंगला 60 मिनिटं आणि 40 प्रश्न, रायटिंगला 60 मिनिटांत दोन टास्क (उच्चशिक्षणासाठीच्या ॲकॅडमिक परीक्षेत टास्क 1 म्हणजे आलेखाचं किंवा प्रक्रियेचं वर्णन, टास्क 2 म्हणजे निबंध), आणि स्पीकिंग म्हणजे परीक्षकाशी 11 ते 14 मिनिटांचं बोलणं. रायटिंग चार निकषांवर तपासतात: विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्द किती आणि कसे वापरले, आणि व्याकरणाचा आवाका व अचूकता. स्पीकिंगमध्ये ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार. दोन्हीकडे व्याकरणाचा वाटा एक चतुर्थांश. रायटिंगमध्ये टास्क 2 चं वजन टास्क 1 च्या दुप्पट असतं, म्हणून निबंधातल्या चुका जास्त महागात पडतात.

'आवाका व अचूकता' हे दोन शब्द एकत्र लक्षात ठेवा. छोटी छोटी बिनचूक वाक्यं लिहिली तर आवाका दिसत नाही, आणि लांबलचक चुकलेली लिहिली तर अचूकता जाते.

मग व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून करू का?

माझं स्पष्ट मत: नको. नामाचे प्रकार, सर्वनामाचे प्रकार असं करत पुस्तकाच्या मध्यावर पोहोचेपर्यंत परीक्षेची तारीख येते. आधी दोन निबंध लिहा, पाच मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. पन्नास चुका निघाल्या, तरी त्या आठ-दहा प्रकारांतच मोडतात. पुस्तकातले तेवढेच धडे उघडा.

आणि त्या आठ-दहा प्रकारांपैकी बहुतेक आपल्या मराठीतून आलेले असतात. चूक नुसती 'चूक' म्हणून खोडली तर ती परत येते. ती कुठल्या मराठी वाक्यातून उगवली हे कळलं, की हात आपोआप थांबतो. खालची बरीच उत्तरं मी म्हणूनच मराठी वाक्यापासून सुरू केली आहेत.

बँड 6 आणि बँड 7 यांत व्याकरणाच्या दृष्टीने नेमका फरक काय?

बँड म्हणजे नऊपैकी मिळणारा दर्जा. सहाच्या लेखनात साधी आणि जोडवाक्यं दोन्ही असतात, पण वाक्य गुंतागुंतीचं झालं की चुका वाढतात. अर्थ मात्र सहसा कळतो. सातला वेगवेगळ्या घडणीची वाक्यं सहजपणे येतात आणि पूर्ण बिनचूक वाक्यं वारंवार दिसतात. आठला तर बहुसंख्य वाक्यं बिनचूक लागतात.

'पूर्ण बिनचूक वाक्य' ही मोजायची गोष्ट आहे. तुमच्या निबंधात वीस वाक्यं असतील, तर एकही खूण न करावी लागलेली किती आहेत ते मोजा. प्रत्येक वाक्यात एक छोटी चूक असलेला निबंध वाचायला बरा वाटतो, पण त्यात बिनचूक वाक्य एकही नसतं. माझ्याकडे येणारी साडेसहावर अडकलेली बहुतेक मुलं इथेच अडकलेली असतात. त्यांच्या मोठ्या चुका कधीच संपलेल्या असतात. राहिलेला असतो एखादा 'एस', एखादा 'द'.

'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टरडे' यात चूक काय?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. चूक करणाऱ्याला ती चूक वाटतच नाही, कारण मराठीत ते वाक्य शंभर टक्के बरोबर आहे: 'काल मी नाशिकला गेलो होतो.' जाऊन परत आलो, गोष्ट संपली, हे सांगायला मराठीत 'गेलो होतो' येतं. इंग्रजीत साध्या घडून गेलेल्या गोष्टीला 'आय वेंट' पुरतं. 'हॅड गॉन' तेव्हाच, जेव्हा भूतकाळातल्या दोन गोष्टी आहेत आणि त्यातली एक आधी घडली: 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड द स्टेशन.' आम्ही पोहोचलो त्याच्या आधीच गाडी सुटली होती.

स्पीकिंगच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी करून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं असतं, आणि विषय बहुधा आठवणीचा असतो: एखादा प्रवास, एखादी व्यक्ती, एखादा प्रसंग. तिथे मराठी मुलं 'हॅड गॉन, हॅड सीन, हॅड ईटन' अशी माळ लावतात. एकाच प्रकारची चूक बारा वेळा! यावर उपाय सोपा आहे. रोज रात्री कालचा दिवस दोन मिनिटं इंग्रजीत सांगा आणि त्यात 'हॅड' एकदाही येऊ देऊ नका. आठवडाभरात कान तयार होतो.

याचंच भावंड म्हणजे 'आय हॅव गिव्हन धिस एक्झाम लास्ट इयर.' मराठीत 'मी गेल्या वर्षी ही परीक्षा दिली आहे' चालतं. इंग्रजीत 'लास्ट इयर', 'यस्टरडे', 'इन 2019' असा ठरावीक भूतकाळ आला की 'हॅव' वर्ज्य. शिवाय आपण परीक्षा 'देतो', इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. 'आय टुक धिस एक्झाम लास्ट इयर.'

'सिन्स' आणि 'फॉर' मध्ये नेहमी गोंधळ होतो. काय करू?

आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून गोंधळ होतो. '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून', दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजी इथे भेद करते. कॅलेंडरवर बोट ठेवता येईल असा क्षण असेल तर 'सिन्स': सिन्स 2019, सिन्स मंडे, सिन्स माय चाइल्डहुड. मोजलेला कालावधी असेल तर 'फॉर': फॉर फाइव्ह इयर्स, फॉर अ लाँग टाइम.

पण निम्मी चूक पुढे क्रियापदात असते. 'मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतोय' यातला 'राहतोय' वर्तमानकाळ आहे, म्हणून आपण 'आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतो. इंग्रजीला ती पाच वर्षंही क्रियापदात दिसावी लागतात: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स.' स्पीकिंगच्या पहिल्याच भागात कुठे राहता, काय काम करता हे विचारतात. हे एक वाक्य घोटून ठेवलंत तर सुरुवात स्वच्छ होते.

बाराही काळ यायला हवेत का?

ओळखता यावेत. वापरायला पाच-सहा पुरतात. टास्क 1 मध्ये आलेख गेल्या वर्षांचा असेल तर साधा भूतकाळ, निबंधात सर्वसाधारण विधानांसाठी साधा वर्तमानकाळ, आजवरच्या बदलांसाठी प्रेझेंट परफेक्ट, आणि अंदाजांसाठी 'विल', 'मे', 'इज लाइकली टु'. 'विल हॅव बीन डुइंग' ओढून आणायची गरज नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. 'मला वाटतंय', 'मला दिसतंय', 'मला समजतंय' ही आपली रोजची वाक्यं, त्यामुळे 'आय ॲम थिंकिंग दॅट', 'आय ॲम सीइंग', 'आय ॲम अंडरस्टँडिंग' तोंडात येतं. मत सांगताना, दिसतं किंवा कळतं असं सांगताना 'आय थिंक', 'आय सी', 'आय अंडरस्टँड'. 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' हे तर कटाक्षाने टाळा.

ए, ॲन आणि द: याला काही सूत्र आहे का? मराठीत तर हे नाहीच.

शब्द नाहीत, पण जाण आहे. ही दोन वाक्यं वाचा.

'आम्ही ड्रायव्हर शोधतोय.'
'आम्ही ड्रायव्हरला शोधतोय.'

पहिल्यात नोकरीसाठी कुणीतरी ड्रायव्हर हवा आहे. दुसऱ्यात आपला ओळखीचा ड्रायव्हर गाडी लावून कुठेतरी गेला आहे. एवढ्याशा 'ला'ने केवढा फरक पडला! इंग्रजीत तोच फरक 'अ ड्रायव्हर' आणि 'द ड्रायव्हर' यांत आहे. म्हणजे ऐकणाऱ्याला कोणता ते माहीत आहे की नाही, हा विचार मराठी माणूस लहानपणापासून करतोच. इंग्रजीत तो प्रत्येक नामापाशी करून दाखवावा लागतो, इतकंच.

तेव्हा नाम आलं की स्वतःला विचारा: वाचणाऱ्याला कोणतं ते कळतंय का? कळत असेल तर 'द'. कळत नसेल आणि वस्तू एक असेल, मोजता येण्यासारखी असेल, तर 'अ' किंवा 'ॲन'. सर्वसाधारण बोलताय, अनेकवचन आहे किंवा मोजता न येणारं आहे, तर काहीच नको: 'चिल्ड्रन नीड स्लीप', 'एज्युकेशन इज एक्स्पेन्सिव्ह.' निबंधात 'द सोसायटी', 'द लाइफ', 'द नेचर' अशी 'द'ची पेरणी फार होते, ती बहुतेक ठिकाणी काढून टाका. उलट 'द बेस्ट', 'द सेम', 'द नंबर ऑफ', 'इन द मॉर्निंग' इथला 'द' आपण विसरतो.

'अ' की 'ॲन' याला मात्र मराठी माणसाकडे अचूक साधन आहे. तो शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'ॲन', व्यंजन असेल तर 'अ'. आवर, एमबीए, ऑनेस्ट: ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे: अ. नियम उच्चाराचा आहे, आणि देवनागरी उच्चारच लिहिते. रोमन स्पेलिंगकडे पाहणारे इथे फसतात.

मोठी वाक्यं लिहायला गेलो की चुकतात. कॉम्प्लेक्स वाक्यं कशी जमवावीत?

मराठी जोडवाक्याला दोन्ही टोकांना गाठ असते: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जर–तर, जो–तो. एक गाठ सुटली तर वाक्य लंगडतं. इंग्रजी वाक्याला गाठ एकच. दुसरी मारली की चूक.

'जरी पगार कमी असला तरी लोक गाव सोडत नाहीत.' याचं आपण करतो: 'ऑल्दो सॅलरीज आर लो, बट पीपल डू नॉट लीव्ह देअर व्हिलेजेस.' इथे 'बट' म्हणजे आपला 'तरी'. तो काढा, वाक्य बरोबर. किंवा 'ऑल्दो' काढून 'बट' ठेवा, तेही बरोबर.

'बिकॉज' आणि 'सो' एकाच वाक्यात नको. 'व्हेन' नंतर 'दॅट टाइम' नको. आणि 'जे विद्यार्थी परदेशात शिकतात त्यांना एकटेपणा जाणवतो' हे तर हुशार मुलांनाही चकवतं: 'स्टुडंट्स हू स्टडी अब्रॉड, दे फील लोन्ली.' त्यातला 'दे' हा आपला 'त्यांना'. तो गेला की उरतं 'स्टुडंट्स हू स्टडी अब्रॉड फील लोन्ली', अगदी सातच्या दर्जाचं वाक्य.

'जर–तर'मध्ये वेगळी अडचण आहे. 'इफ'च्या बाजूला 'विल' घालू नका. 'इफ द गव्हर्नमेंट विल बिल्ड' नाही, 'इफ द गव्हर्नमेंट बिल्ड्स मोअर हॉस्पिटल्स, रूरल पेशंट्स विल बेनिफिट.' मराठीतही 'पाऊस पडेल तर' न म्हणता आपण 'पाऊस पडला तर' म्हणतो. भविष्यकाळ 'तर'च्या पलीकडेच ठेवतो. इथे मराठीचंच ऐका.

सरावासाठी एकच विचार चार प्रकारांनी लिहा: 'ऑल्दो'ने, 'हू' किंवा 'विच'ने, 'इफ'ने, आणि 'आयएनजी'च्या रूपाने. चारही बिनचूक आली की पुढच्या विचाराकडे जा. निबंधात प्रत्येक वाक्य लांब हवं असं नाही. दोन लांब वाक्यांनंतर एक छोटं ठेवलं तर वाचणाऱ्यालाही बरं वाटतं.

पॅसिव्ह कुठे वापरायचा? शाळेत तर फक्त वाक्य उलटं करायला शिकवलं.

आपल्या ओळखीचं उदाहरण घेतो. कोल्हापूरकडच्या माणसाला गूळ कसा होतो ते विचारा. तो सांगेल: ऊस गाळतात, रस काहिलीत उकळतात, मळी काढून टाकतात, पाक घट्ट झाला की वाफ्यात ओततात, मग साच्यात भरतात. कोण गाळतं, कोण ओततं, काही नाही. कर्ता गाळून नुसतं '-तात' म्हटलं की झालं. कर्त्याला महत्त्व नाही हे सांगायची ही आपली पद्धत.

इंग्रजीत कर्ता असा गाळता येत नाही. तिथे तेच काम पॅसिव्ह करतो: 'द केन इज क्रश्ड, द ज्यूस इज बॉइल्ड, द स्कम इज रिमूव्ड.' ॲकॅडमिक परीक्षेच्या टास्क 1 मध्ये कधी कधी प्रक्रियेचं चित्र येतं आणि ते बहुतांशी पॅसिव्हवरच लिहावं लागतं. तुमच्या भागातली एखादी प्रक्रिया घ्या, काजू सोलण्याची, मीठ पिकवण्याची, पैठणी विणण्याची, आणि दहा वाक्यांत लिहा. डोक्यात जिथे '-तात' येतं, तिथे इंग्रजीत 'इज' किंवा 'आर' आणि क्रियापदाचं तिसरं रूप.

आलेखाच्या वर्णनात 'बाय' की 'टु' की 'इन'?

'20 टक्क्यांनी वाढलं' असेल तर 'रोज बाय 20 पर्सेंट'. '20 टक्क्यांवर गेलं' असेल तर 'रोज टु 20 पर्सेंट'. '-नी' म्हणजे बाय, '-वर' म्हणजे टु. हे चुकलं तर व्याकरणच नाही, आकडाही चुकतो. आणि कशात वाढ झाली ते 'इन'ने: 'ॲन इन्क्रीज इन फ्युएल प्रायसेस'.

इतर प्रिपोझिशन्स कशी लक्षात ठेवायची?

क्रियापदाबरोबरच. सुटी पाठ केली तर टिकत नाहीत. आपले विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं इंग्रजीत जशीच्या तशी नेल्याने ठरावीक चुका होतात. आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट'. एखाद्या गोष्टी'वर' भर देतो, म्हणून 'एम्फसाइझ ऑन'. कुणा'शी' लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ'. बरोबर रूपं: 'डिस्कस द प्रॉब्लेम', 'एम्फसाइझ द नीड', 'मॅरीड टु'. 'रीच'नंतरही 'टु' नको.

'इन्फर्मेशन'चं अनेकवचन का होत नाही?

'माहिती'चंही होत नाही. 'माहित्या' कोणी म्हणत नाही. तसंच 'इन्फर्मेशन'. फसवणूक होते ती जिथे मराठी शब्द मोजता येतो तिथे. आपण 'सल्ले' देतो, म्हणून 'ॲडव्हायसेस' लिहितो. ॲडव्हाइस, इक्विपमेंट, फर्निचर, रिसर्च, ट्रॅफिक, होमवर्क: यांना 'एस' लावू नका. ही छोटी यादी पाठच करावी, इलाज नाही.

कर्ता-क्रियापदाचा मेळ मला येतो, तरी निबंधात चुकतो. असं का?

कारण कर्ता लांब होतो. 'ही गोज' सगळ्यांना येतं. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हू वाँट टु स्टडी अब्रॉड हॅव इन्क्रीज्ड' यात 'हॅव' येतो, कारण कान जवळच्या 'स्टुडंट्स'कडे असतो. कर्ता आहे 'नंबर', तेव्हा 'हॅज'. 'वन ऑफ द मेन रिझन्स इज' यात दोन ठिकाणी पाय घसरतो: 'रिझन' अनेकवचनी हवं आणि क्रियापद एकवचनी.

लिसनिंग आणि रीडिंगला व्याकरणाचा उपयोग आहे का?

आहे, आणि तो कमी लोक करून घेतात. रिकामी जागा भरायची असेल तर ऐकण्याआधी वाक्य वाचा. 'अ' नंतर जागा आहे, म्हणजे एकवचनी नाम. 'मेनी' नंतर आहे, म्हणजे अनेकवचन. 'टु' नंतर असेल तर बहुधा क्रियापद. काय ऐकायचं ते आधीच अर्धं ठरतं. ऐकलेला शब्द बरोबर, पण 'एस' राहिला किंवा स्पेलिंग चुकलं, तर गुण जातो. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे जागा रिकामी सोडू नका.

स्पीकिंगमध्ये बोलता बोलता चूक लक्षात आली तर सुधारू का?

लगेच लक्षात आली तर एकदा सुधारा आणि पुढे चला. प्रत्येक वाक्यात मागे फिरलात तर ओघ तुटतो, आणि ओघालाही तेवढाच वाटा आहे.

इथे आपल्या बोलण्यातल्या दोन सवयी सांगतो. 'मी कालच आलो' यातला 'च' इंग्रजीत 'ओन्ली' होऊन वाक्याच्या शेवटी येतो: 'आय केम यस्टरडे ओन्ली.' इंग्रजीत त्या जागी शब्दावर जोर देतात किंवा 'जस्ट यस्टरडे' म्हणतात. आणि 'ना?' किंवा 'हो ना?' याचं प्रत्येक ठिकाणी 'इजन्ट इट' होतं. परीक्षकाशी बोलताना ते गाळलं तरी काही बिघडत नाही.

प्रश्न विचारण्याची रचनाही बघा. 'मला माहीत नाही तो कुठे राहतो' यात मराठीचा शब्दक्रम बदलत नाही. आपण 'आय डोन्ट नो व्हेअर डझ ही लिव्ह' म्हणतो. प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की इंग्रजीत तो सरळ होतो: 'व्हेअर ही लिव्ह्ज'.

उच्चार मराठी ढंगाचा आहे म्हणून गुण कमी होत नाहीत. शब्द स्पष्ट कळला पाहिजे. नकली ढब आणण्यात वेळ घालवू नका.

आधी मराठीत विचार करून मग इंग्रजी करणं वाईट का?

परीक्षेत वेळ पुरत नाही, म्हणून तिथे टाळावं. सरावात मात्र भाषांतर हे फार चांगलं अवजार आहे, फक्त उलट्या दिशेने वापरायचं. इंग्रजी वर्तमानपत्रातला सहा-सात वाक्यांचा चांगला परिच्छेद घ्या. त्याचं नीट मराठी करा. दोन दिवस बाजूला ठेवा. मग मूळ न पाहता त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करा आणि मुळाशी ताडून पाहा. जिथे जिथे फरक पडला, तिथे तुमची मराठी डोकावलेली असेल. 'द' कुठे गेला, 'हॅड' कुठे शिरला, सगळं समोर येतं. आठवड्यात तीन परिच्छेद केले तरी दोन महिन्यांत लेखणी बदललेली दिसते.

पाठ केलेले निबंध आणि साचे चालतात का?

पाठ केलेली भाषा परीक्षकांना ओळखता येते आणि तिचे गुण मिळत नाहीत. शिवाय पाठ केलेल्या झोकदार सुरुवातीनंतर तुमचं स्वतःचं वाक्य आलं की जोड उघडा पडतो. परिच्छेदांचा आराखडा ठरलेला असू द्या. वाक्यं स्वतःचीच हवीत.

ग्रामर तपासणारी ॲप्स वापरू का?

वापरा, पण लिहून झाल्यावर. आधी स्वतः लाल पेनाने तपासा, मग ॲपला दाखवा. ॲपने पकडलेली आणि तुमच्या नजरेतून सुटलेली चूक वहीत गेली पाहिजे. संगणकावरच्या परीक्षेत शब्द मोजून दाखवतात, चूक दाखवत नाहीत.

ही वही कशी ठेवायची?

डाव्या पानावर चुकलेलं इंग्रजी वाक्य आणि खाली ज्या मराठी वाक्यातून ते आलं ते. उजव्या पानावर बरोबर वाक्य आणि त्याच घडणीची तुमची दोन नवी वाक्यं. नियम लिहायची गरज नाही. आयर्लंडला नर्स म्हणून गेलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत डाव्या पानांवर पुन्हा पुन्हा तीच पाच मराठी वाक्यं होती. तेवढी पाच सुटली आणि तिचं रायटिंग वर गेलं.

मराठी माध्यमात शिकलो, इंग्रजी पाचवीपासून. सात बँड मिळेल का?

मिळतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं. त्याआधीच्या मराठी शाळांतली आम्ही सगळी मुलं पाचवीतच एबीसीडी गिरवायला लागलो, मीही त्यातलाच. इंग्रजी माध्यमाची मुलं भराभर बोलतात, पण त्यांच्या लेखनातही 'सिन्स फाइव्ह इयर्स' सर्रास सापडतं, कारण ती चूक त्यांच्या कानावरच पडत आलेली असते. मराठी व्याकरण नीट शिकलेल्या मुलाला कर्ता, कर्म, प्रयोग समजावून सांगावे लागत नाहीत. ती मोठी शिदोरी आहे.

वेळ मात्र द्यावा लागतो. आज साडेपाचवर असाल आणि सात हवा असेल, तर एक महिन्याच्या क्रॅश कोर्सवर विसंबू नका. रोज दीड तास धरून सहा महिने ठेवा, असं मी सांगतो.

सगळीकडे सात आले, फक्त रायटिंग सहा. पुन्हा सगळी परीक्षा द्यायची का?

आधी तुम्हाला नेमकं किती लागतं ते पाहा. ब्रिटनच्या नर्सिंग नोंदणीला इतर तीन भागांत सात आणि रायटिंगला साडेसहा लागतात, म्हणजे तिथे अर्ध्या बँडचंच अंतर उरतं. संगणकावर परीक्षा दिली असेल तर 'वन स्किल रीटेक'मध्ये 60 दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो. ज्या संस्थेला निकाल पाठवायचा ती असा निकाल स्वीकारते का, हे पैसे भरण्याआधी विचारा. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे तारखाही जुळवून बघा.

ब्रिटिश स्पेलिंग की अमेरिकन?

दोन्ही चालतात. एका लेखात एकच ठेवा.

रायटिंग संपल्यावर शेवटची पाच मिनिटं उरली तर काय तपासू?

मजकूर सुधारायला जाऊ नका, नवं वाक्य घालू नका. टास्क 2 आधी घ्या, त्याचं वजन जास्त. तीन फेऱ्या मारा आणि एका फेरीत एकच गोष्ट शोधा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं: प्रत्येकाचा कर्ता बोटाने शोधा, 'एस' बघा, विनाकारण आलेला 'हॅड' काढा. दुसऱ्या फेरीत फक्त नामं: 'द' हवा का, अनेकवचन हवं का. तिसऱ्या फेरीत 'ऑल्दो', 'बिकॉज', 'हू' हे शब्द शोधा आणि त्यांच्या पुढे दुसरी गाठ, म्हणजे 'बट', 'सो' किंवा 'दे', राहिली असेल तर ती खोडा.